शेवटची सोळा पानं

आमच्या घरात पुस्तकं किलोवर मोजतात.
तीस किलोंची बॅग : आमसुलं, भाजणी,
बाबांच्या सहा महिन्यांच्या गोळ्या.
काटा एकतीसवर गेला
की आई आधी भाजणीकडे बघते, मग माझ्याकडे,
मग पुस्तक उपसून माझ्या हातात देते,
"धर. मांडीवर घेऊन बस."

त्यामुळे माझी बहुतेक पुस्तकं
ढगांच्या वर सुरू झालीत
आणि रुवीच्या सिग्नलला, टॅक्सीत, संपलीत.
एक सोडून.

ते चिपळूणच्या रद्दीवाल्यानं
मापात बसेना म्हणून फुकट दिलेलं.
दीपगृहाचा राखणदार, त्याची मुलगी,
एका रात्री वरचा दिवा दिसेनासा होतो
आणि ती पायऱ्या मोजत चढते, एकशे नऊ, एकशे दहा,
"तिनं दार ढकललं तेव्हा आत"
पान एकशे चव्वेचाळीस.
पुढे नुसता दोरा, आणि वाळलेली खळ.

पाचवीत होते. सगळ्यांना विचारलं.
आई म्हणाली, असेल काहीतरी.
बाबा म्हणाले, प्लांटवर विचारतो कुणाला तरी.
(ते समुद्राचं पाणी गोडं करतात, पाळीपाळीनं,
आणि घरी येऊन झोपतात.)
शाळेत मराठी नाही. फ्रेंच आहे.

खाली याकूबचाचा परकारांचं दुकान.
एक ते चार शटर अर्धं खाली,
मी वाकून आत जायची.
ते तांदळाच्या पोत्यावर बसून कुबूसची पाकिटं लावत असायचे.
पुस्तक त्यांनी उलटंसुलटं केलं, हुंगलंसुद्धा.
"ह्ये होय? वाचलंय की मी. हर्णैला. तुझ्याएवढा होतो."

चार दुपारी पुरवून पुरवून सांगितलं.
दिवा विझलेलाच नव्हता, धुकं होतं.
बाप जागा होता, त्याला भूक लागलेली.
दोघांनी भाकरी मोडून खाल्ली
आणि उजाडल्यावर मुलीनं होड्या मोजल्या
तर एक जास्त.
"कुणाची?"
"तेवढं तुझ्यासाठी ठेवलंय, बाय."

या जूनमध्ये मामाच्या गावच्या वाचनालयात
तेच पुस्तक सापडलं, धडधाकट, पुठ्ठ्याचं.
उभ्या उभ्या वाचलं.
बाप मेलेला असतो. मुलगी दिवा लावते.
शेवटच्या दोन पानांत तिचं लग्न होतं, पोस्टमास्तरच्या मुलाशी.
होड्या कुणी मोजतच नाही.

परत आले तेव्हा चाचाही गेलेले, कायमचे.
साठ झाली, कागद संपले, मुलानं बोलावलं.
शटर पूर्ण वर. आत आता
एक चितगावचा मुलगा मोबाईलच्या काचा बदलतो.

आईला सगळं सांगितलं.
ती डाळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली,
"याकूबभाईंना कुठलं वाचायला येत होतं?
उधारीच्या वहीत चित्रं काढायचे.
आपल्या खात्याला लोणच्याची बरणी.
वरच्या नर्सबाईंना छत्री."

मग त्या चार दुपारी ते एकेक पान उलटून
कुठल्या ओळीवर बोट ठेवत होते?

उद्या केमिस्ट्रीची युनिट टेस्ट आहे.
बाबा रात्रपाळीला. खाली पाण्याचा निळा टँकर
उलटा येतोय, त्याचा टीं टीं टीं आवाज,
पलीकडचे डोंगर अंधारातही तापलेले.
रफ वहीतले चार कागद फाडले,
घडी घालून सोळा पानं केली,
पहिल्यावर आकडा घातला : १४५.
"तिनं दार ढकललं तेव्हा आत"
पुढे सुचेना,
म्हणून कोपऱ्यात बरणी काढली.
बरी आलीय. झाकण जरा तिरकं.

एसीखालची बादली भरत आली,
ती आधी ओतून येते.