लिंबू कलर

नंदिहळ्ळीहून उद्यमबाग म्हणजे
पाऊण तास, आणि तीन तऱ्हेचा पाऊस.
देसूरच्या फाटकापाशी सरळ वरून,
झाडशहापूरला डावीकडून, आडवा,
मच्छेजवळ लॉरीच्या चाकांतून,
खालून, तांबडा.
यातला कुठला अडवायचा
हे ठरल्याशिवाय रेनकोट घ्यायचा नसतो,
हे कळायला मला सात पावसाळे लागले.

पहिला फुटपाथवरचा, एकशेऐंशीचा.
पिरनवाडीपर्यंत टिकला.
दुसरा पायघोळ. वाऱ्यात असा फुगायचा
की गाडी मी चालवतोय की तो, कळत नसे.
तिसरा भावाने मडगावहून आणला, आतून रबर.
बाहेरचा थेंब आत येत नव्हता,
आतला घामही बाहेर जात नव्हता.
लेथवर उभा राहिलो की मिस्त्री विचारायचे,
पाऊस लै होता काय रे वाटेत?
काय सांगणार.

मग भरमाने शिकवलं.
विजार आधी, गमबूट मग, कोट शेवटी.
बाही हातमोज्याच्या वरून,
हातमोजा बाहीच्या वरून नव्हे,
नाहीतर कोपरावरचं पाणी
बोटांच्या टोकाशी जाऊन बसतं
आणि दिवसभर उठत नाही.
हेल्मेटच्या काचेला आतून साबण, कोरडा, पुसून टाकायचा.
पुढचा ब्रेक लोणच्याएवढाच.
मोबाईल दुधाच्या धुतलेल्या पिशवीत,
पिशवी डब्याच्या पिशवीत, डबा पोटाशी.

भरमाचा स्वतःचा रेनकोट काळा.
काळ्यावर काही दिसत नाही, म्हणायचा,
ग्रीस म्हण, चिखल म्हण.
गेल्या श्रावणात दुसरी पाळी सुटल्यावर
टेम्पोवालाही हेच म्हणाला,
काही दिसलंच नाही.
आता भरमा बसने येतो.
पायात सळई आहे, स्टोअरमध्ये बसून
नटबोल्ट मोजतो, आणि मोजताना
खिडकीकडे पाठ करून बसतो.

यंदा खडेबाजारात इरण्णाच्या दुकानात
मी सवयीनं काळ्याला हात लावला.
इरण्णा गिऱ्हाइकाला कधी नाही म्हणत नाही,
तोच म्हणाला, कप्पु ब्याड्री.
मळ्यागं काणंगिल्ल.
आणि फळीवरून खाली काढला
असला पिवळा, की दुकानातला बल्ब
मंद झाल्यासारखा वाटला.
पाठीवर चमकणारी पट्टी, शिवणीवर आतून टेप.
दीड हजार. शंभर कमी केले,
आणि वर एक नाडी दिली, कशाची ते अजून कळलेलं नाही.

घरी रेणुका दारातच हसली,
हळदीला बसल्यासारखं दिसूलंय.
पाळीवर तर नावच पडलं, लिंबू.
मी ऐकून घेतो. पिवळ्यावर ग्रीस दिसतं,
रविवारी घासायला लागतं, तेही करतो.

परवा मंगळवारी मच्छेच्या अलीकडे
रस्ता संपलाच, नुसतं पाणी उभं.
पंक्चरवाल्याच्या पत्र्याखाली गाडी घेतली.
मागोमाग एक पोरगं आलं,
डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ,
ओठ निळे. दात वाजवत म्हणालं,
तुम्ही थांबलासा म्हणून मी पण थांबलो, मामा.
फाटकापासनं तुमच्या मागनंच येऊलोय.
रस्ता दिसूलाच नाही.
तेवढं पिवळं दिसूलतं.

सात पावसाळे मी कोरडं राहण्याचा
हिशोब करत आलो होतो.
हा रकाना त्यात नव्हता.

विजारीच्या सांध्यातून,
जिथून कुठल्याही कंपनीचा माल गळतोच,
गार पाणी मांडीवर उतरायला लागलं होतं.
सातला दहा कमी होते.
चल, म्हटलं, फार जवळ येऊ नकोस.
खड्डा आला की
मागचा दिवा दोनदा लावतो.