अकरा सेकंदांपूर्वीचा भाव

गेल्या वर्षी बंदी उठल्यावर पहिल्या लिलावाला,
दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी,
आमचा सर्व्हर आडवा झाला.
हर्णैच्या पुळणीवर सुरमईची रास ओतलेली,
आणि खेड, चिपळूण, महाड
एकदमच एक पान उघडत होते: भाव काय झाला?
पान गोल गोल फिरत राहिलं.
शमशाद होडेकर वहीत पेन्सिलीने आकडे लिहीत राहिली.

यंदा जुलैतच बसलो,
बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत,
खालून अमोनियाचा वास.
मेमरी चार जीबी,
दीड डेटाबेसने आधीच बळकावलेली,
एकेक प्रोसेस साठ एमबी खाते.
म्हणजे चाळीस. फार तर चाळीस.
एक्केचाळिसाव्याने दाराबाहेर थांबायचं;
आत घेतला तर सगळ्यांना घेऊन बुडेल.

मोठं मशीन घ्या, म्हटलं.
किती दिवसांसाठी? सोसायटीचे चोगले.
वर्षातले वीसेक दिवस, रोज दोन तास.
ते चष्मा पुसत बसले.

खाली मुनाफ लाद्या मोजत होता.
तू कसं ठरवतोस रे, किती?
"गेल्या सालची वही बघायची, वारा बघायचा,
वर वीस जास्त.
होड्या दिसल्यावर बर्फ गोठत नाय."

मग कॅश.
भाव दर वेळी डेटाबेसला कशाला विचारायचा?
एकदा विचारायचा, पान बांधून ठेवायचं,
तीस सेकंद तेच सगळ्यांना वाटायचं.
चाचणीत हजार जण सोडले,
मशीन जांभया देत होतं.
मी खूश.

हिरू पावसेने फोन हातभर लांब धरला.
"ह्यो भाव कधीचा?"
आत्ताचा.
"आत्ताचा म्हंजे कधीचा?
तीस सेकंदांत चार बोल्या व्हतात.
पापलेट चारशेचं पाचशे व्हतं,
खेडचा मानूस चारशेच धरून बसतो
नि लबाड मला म्हनतो."

पाच सेकंद केले. मशीन धापा टाकू लागलं.
पंधरा केले. तिला पटेनात.
शमशाद म्हणाली, सगळ्यांना एकच माप कशाला?
संपलेला लिलाव कोणाचा बाप बदलणार?
तो ठेव दिवसभर.
फोटो ठेव महिनाभर.
चालू बोलीपुरतं काय ते भांड.

"आनि सांगून टाका ना," हिरू टोपली उचलत म्हणाली,
"मी बांगडा इकताना सांगते:
कालचा हाय, कालवनाला चालंल.
घेनारा घेतो."

म्हणून आता भावाखाली बारीक अक्षरांत
त्याचं वय येतं:
अकरा सेकंदांपूर्वीचा.
बारा.
पंधराला पान नवं होतं, पुन्हा एकपासून.

यंदाचा पहिला लिलाव. चार दहा झाले.
आत चाळीस, बाहेर रांग,
पण रांग सरकत होती.
चोगल्यांनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे,
मग पुन्हा घड्याळ.

चार पंचवीसला बंदराच्या टॉवरचीच रेंज गेली.
तेवढं माझ्या वहीत नव्हतं.
हिरूच्या फोनवर भाव तोच, वय वाढत चाललेलं:
एकशे चाळीस. एकशे एक्केचाळीस.
ती हसत सुटली.
"ह्याला आता सुकटीत घाला!"

शमशादने कानामागची पेन्सिल काढली.