पासंग

कोपरखैरणे. माथाडींची बैठी घरं,
आता बैठी राहिलीत कुठे, सगळी उभी राहिली.
माझंही राहिलं, गेल्या वर्षीच्या मार्चात,
वर एक खोली, पत्र्याऐवजी स्लॅब.
आणि शालनकाकू रांजण्यांच्या भिंतीला
(जी माझीही भिंत; आम्हा दोघांत एकच)
देव्हाऱ्यापासून मीटरपर्यंत
तडा.

तड्यावरून काय काय झालं ते सांगत बसत नाही.
वॉर्ड ऑफिसात अर्ज, त्यावर उलटा अर्ज,
माझी तुळशीशेजारची कुंडी फुटली,
त्यांच्या पायरीवर कुणी थुंकलं.
मी नव्हतो तो.
पण पुसलंही नाही.

शेवटी भिलारेमामांकडे.
हिंदुराव भिलारे, कांदा-बटाटा मार्केटात
चौतीस वर्षं तोलार.
माझ्या मोबाइलात इंजिनिअरचा दाखला,
काकूंच्या पिशवीत तड्याचे फोटो, मुद्दाम धुऊन आणलेले.
मामांनी दोन्ही चहाच्या ट्रेखाली सारलं.
"माल नंतर.
आधी रिकामा काटा दाखवायचा असतो.
शेतकरी उभा, व्यापारी उभा,
दोघांना दिसला पाहिजे
काहीच नसताना काटा कुठं थांबतो."

पाच मिनिटं कुणी बोललं नाही.
पंखा. बाहेर भंगारवाला.

मग म्हणाले, एकानं बोलायचं,
दुसऱ्यानं तेच आपल्या तोंडानं परत सांगायचं,
पदरचं काही न घालता.
उत्तर त्याच्यानंतर.

मी पहिला. पोराचं लग्न ठरलेलं,
दहा बाय बाराची एकच खोली, पतपेढीचं कर्ज.
काकूंनी सगळं परत सांगितलं,
कर्जाचा आकडासुद्धा बरोबर.
वर म्हणाल्या, "पोरगं ओट्याखाली पाय घालून झोपायचं."
हे मी सांगितलं नव्हतं.
"पदरचं नको," मामा म्हणाले,
पण हळूच.

मग काकू.
"ह्यांची खाट त्या भिंतीला.
डावा हात आठ महिने मेलेला.
तुझं ड्रिल सुरू झालं आणि बोटं हलली.
मी बघितली. रोज दहा ते एक
खाटेशेजारी बसून बघायचे.
पोरीला फोन केला वापीला,
म्हटलं, फरक पडतोय गं.
नारळ बोलले.
मग एका गुरुवारी तुझं काम संपलं.
बोटंही थांबली."

तड्याचं नावच नाही.

"सांग," मामा म्हणाले.

मी म्हटलं, काकांची खाट त्या भिंतीला.
म्हटलं, डावा हात आठ महिने.
म्हटलं, माझं ड्रिल सुरू झालं
आणि
पुढं जीभ वळेना.
मामा माझ्याकडे बघत नव्हते.
भरलेल्या पारड्याला हात न लावता
माणूस जसा थांबतो, तसे थांबले होते.
चहावर साय धरली.
तेवढ्या वेळात मी वाक्य संपवलं असावं.

निकाल त्यांनी दिलाच नाही.
ठरलं ते आमचं आम्हीच ठरवलं:
तडा मी भरायचा, रंग त्यांचा.
इथून पुढं काही ठोकायचं झालं, खिळासुद्धा,
तर आधी जाऊन सांगायचं.
अर्ज मागे, दोन्ही.
कुंडीचं राहूनच गेलं.

निघताना विचारलं,
मामा, झाली का पारडी सारखी?
ते खिडकीत गेले, सुतळी बांधलेला
एक ओबडधोबड खडा घेऊन आले.
"जुन्या काट्याला, हलक्या बाजूला हा लटकवायचो.
पासंग.
ह्याचं वजन कुणाच्या नावावर लागत नाही."
आणि परत जागेवर ठेवून दिला.

सिमेंट वाळलं. रंग जुळला नाही,
फिकट पट्टा लांबूनही दिसतो.
बोलणं अजून कामापुरतंच.

परवा पहाटे साडेपाचला
भिंतीवर दोनदा टकटक.
पूर्वी नळाला पाणी आलं की वाजवायच्या,
मध्ये चौदा महिने वाजवलं नव्हतं.
उठलो. पिंप लावलं.
पाणी भरत असताना ओला हात पुसला
आणि मीही दोनदा वाजवलं,
हळू.
खाट अजून तिथंच आहे.