हातोड्याचे वण

बाहेर उणे एकतीस.
आत, चौथ्या कोठीच्या तोंडाशी,
गुलाबी पोटॅश अडलंय सकाळी सहापासून.
ओरेस्ट ह्रिनिव कान पत्र्याला लावतो,
वीतभर डावीकडे सरकतो,
हातोडा मारतो. एकदाच.
आत काहीतरी गडगडतं
आणि पट्ट्यावर लाली वाहू लागते.

मी थिस्सनांची मारेन, सॅस्कटूनहून आलेली,
लॅपटॉपमध्ये हीच कोठी घेऊन.
माझ्याकडे सव्वाचार लाख दाणे आहेत,
तीन-तीन गोळ्या चिकटवून केलेले,
कारण खरा दाणा गोल नसतो.
प्रत्येकाला नंबर, वजन, घर्षण, शेजारी.
शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही,
सगळा भात शिजवावा लागतो.
अकरा सेकंदांचं कोसळणं मोजायला
यंत्राला सहा दिवस लागतात.

घर्षण किती धरायचं, ते पुस्तकात नव्हतं.
कँटीनच्या टेबलावर बादलीभर माल ओतला,
भाच्याच्या कंपासपेटीतल्या कोनमापकानं
उतार मोजला: सदतीस.
ओरेस्ट बीटाचं सूप पीत बघत होता.
"बर्फ वितळेल त्या दिवशी ओत," म्हणाला,
"मग बघ कसा उभा राहतो."
ओतला. एक्केचाळीस.

त्या आकड्यावर पडद्यात कमान धरली.
दाण्यानं दाण्याला खांदा दिला,
लाल रेघा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत,
खाली नुसती पोकळी.
चित्र छापून कोठीपाशी नेलं.
पत्र्यावर तेवीस वर्षांचे पोचे होते,
देवीच्या वणांसारखे दाट,
रेघा जिथे भिंतीला टेकत होत्या, तिथेच.

एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं.
पण मी पुढेही बोलले:
बाहेरचा पोचा आत उंचवटा होतो,
दाणा त्यावर पाय रोवतो,
आज मोडलेली कमान उद्या तिथेच बसते.

हातमोजा काढून
तो पत्र्यावरून बोटं फिरवत राहिला.
"म्हणजे निम्मी माझीच."
मग खिशातून एक खडा काढून
माझ्या तळहातावर ठेवला.
"याचा नंबर सांग."

उन्हाळ्यात नवी कोठी बसली,
उतार सत्तर अंशांचा, आतून आरसा.
अजून एकदाही अडली नाही.
ओरेस्ट रोज सकाळी जाऊन
तिला कान लावतो.

खडा माझ्या टेबलावर असतो.
हवा दमट झाली
की त्याच्याखालचा कागद ओला होतो.