उतारापूर्वी

अबोय बेराखींच्या डाव्या हाताची तर्जनी
पहिल्या पेरापाशीच संपते.
बाकीची कुठे गेली, हे ते नव्या पोराला
पहिल्याच दिवशी सांगून टाकतात:
चाक फिरत असताना साखळीला बोट लावायचं नाही.
एवढंच. उरलेलं शिकवणं मग वर्षभर चालतं.

अस्मारात, मेदेबरच्या मागच्या गल्लीत,
जिथे तेलाच्या जुन्या पिंपांच्या चुली होतात,
त्या ठणठणाटात त्यांना साखळी ऐकू येते.
सायकल दारात यायच्या आधीच म्हणतात,
"हेरिती, बघ गं, तिसऱ्या चकतीवर चरचरतेय."
मी बघते. तिसरीच असते.

"गिअर मागायचा असतो, हिसकायचा नाही.
पाय फिरते ठेव, फक्त जोर काढून घे,
ओझं उतरवताना श्वास सुटतो ना, तेवढाच.
मग खटका दाब. साखळी आपणहून सरकेल."
आणि हे चढ लागल्यावर नाही,
चढ दिसल्यावर.
पुढे मोठं चक्र, मागेही सगळ्यात मोठं,
अशी तिरकी ताणलेली साखळी दिसली
की त्यांचं तोंड असं होतं,
जणू कुणी भरल्या पंगतीत पाय पसरून बसलंय.

शनिवारी रॉकेलचा डबा निघतो.
जुना टूथब्रश, फाटकं बनियन.
एकेका कडीवर तेलाचा एकेक थेंब,
एकशे चौदा कड्या,
आणि मग सगळं पुसून काढायचं.
"पुसायचंच होतं तर घातलं कशाला?"
"तेल आत हवं. बाहेर राहिलं
तर धूळ जेवायला येते."

नेफासितला मावशीच्या शिलाई मशीनचा पट्टा द्यायचा होता.
वीस-पंचवीस किलोमीटर, बहुतेक उतारच.
समुद्राकडून धुकं वर चढत असतं
आणि रस्ता वळणं घेत घेत त्याच्या पोटात शिरतो.
आमच्या गल्लीतला यारेद अडतीस मिनिटांत जातो, म्हणे.
ब्रेक न लावता, म्हणे.

पहाटे मी टायर अंगठ्याने दाबून पाहिले,
चाकांचे नट पाहिले, घंटीसुद्धा वाजवून पाहिली.
केबल कोण पाहतं?

डोंगराच्या काठावर,
जिथून खालचं जग दिसायला हवं आणि दिसत नव्हतं,
मागचा ब्रेक दाबला.
रोजच्यापेक्षा अर्धं बोट जास्त आत गेला.
उतरून पाहिलं. नळीतून बाहेर येते तिथे तार उसवलेली,
दोन धागे शाबूत,
बाकीचे झिजल्या झाडूसारखे फिसकटलेले.

यारेद शीळ घालत गेला, धुक्याने त्याला गिळलं.
एक ट्रक गुरगुरत खालच्या गिअरमध्ये गेला.
मी उभीच.
खरं सांगायचं तर मला जायचं होतं.
पुढचा ब्रेक होता की. दोन धागे होते की.
बराच वेळ मी त्या दोन धाग्यांशी हुज्जत घातली.

मग सायकल वळवली.
चढावर ब्रेक लागत नाही.
सगळ्यात हलका गिअर, गोगलगायीची चाल,
पाय नुसते फिरत राहिले,
आणि शनिवारच्या त्या साखळीने
हूं की चूं केलं नाही.

अबोयनी कॅरियरवरचा पट्टा पाहिला, तार पाहिली.
काही विचारलं नाही. शहरात नवी केबल
गेल्या दोन महिन्यांपासून नाही.
ते उठले, भिंतीच्या खुंटीवरून
स्वतःची निळी सायकल काढली
आणि तिची केबल सोडवू लागले.
"अबोय, तुमची—"
"मला आता कुठे उतरायचंय?"

पक्कड माझ्या हातात दिली.
तार मी ओवली, ताणली, नट आवळला.
त्यांनी त्या आखूड बोटात अडकवून
दोनदा हिसका दिला. टिकली.

"टोकाला टोपी बसव," म्हणाले,
"नाहीतर धागे सुटतात
आणि पुसताना बोटात घुसतात."

बाहेर धुकं गल्लीपर्यंत आलं होतं.
मावशीचा पट्टा अजून कॅरियरवरच.