वाचनकक्ष, दुसरा मजला

मोबाईल इथे. मनगटावरचं घड्याळही,
हल्ली घड्याळंसुद्धा ऐकतात.
चावी क्रमांक पाच.
इथे सही, गुप्तता पाळीन अशी.
पेन्सिल मी देतो.
आठ टेबलं, आठ पडदे, दोन तास.
वाचता येईल. उतरवून घेता येणार नाही.

हे मी दिवसातून चार वेळा म्हणतो,
बर्लिनच्या या मंत्रालयात,
जिथून ट्राम दिसते
आणि ट्राममधून आम्ही दिसत नाही.
मी डेटलेफ क्रोशिन्स्की, पहारेकरी.
कुणावर पहारा, ते मात्र नेमणुकीच्या पत्रात
नीटसं लिहिलेलं नाही.

बरेचसे खासदार पहिली दहा पानं चाळतात,
बिस्किटं संपवतात,
चाळिसाव्या मिनिटाला चावी परत.
त्यांचाही दोष नाही.
व्यापारकरार वकिली इंग्रजीत असतो,
घशाखाली उतरायला पाणी लागतं.

वीब्के हार्म्सेन मंगळवारी आल्या,
उत्तरेकडच्या, समुद्राच्या बांधाआडच्या गावातून.
निवडून येण्याआधी नऊ वर्षं
डेअरीत दुधाचे नमुने तपासायच्या.
टाकी हजारो लिटरची, चमचा एवढासा.
"गवळी चिडायचे," म्हणाल्या, "विश्वास नाही का आमच्यावर?
मी म्हणायचे, आहे की. झाकण उघड."

दोन तास मान वर केली नाही.
जाताना कागद तपासणं माझं काम. तपासला.
पान २१२, पुढे प्रश्नचिन्ह.
पान २१५, पुढे दोन.
पान ३०१ शेजारी एक गाय,
शेपटी काढायची राहिलेली.
वाक्य उतरवायला बंदी आहे.
प्रश्नचिन्हाबद्दल नियमावलीत काही नाही,
मी दोनदा शोधलं.

"तुम्ही वाचलंत हे?" त्यांनी विचारलं.
मला खोलीत बसायची परवानगी आहे, म्हटलं,
पडद्याकडे बघायची नाही.
"मला बघायची आहे, सांगायची नाही."
त्या हसल्या नाहीत. मीही.

गुरुवारी कँटीनच्या टीव्हीवर सभागृह.
मंत्री म्हणाले, वाटाघाटी चालू आहेत,
सन्माननीय सदस्यांना ठाऊकच आहे,
झाकली मूठ सव्वा लाखाची.
बाकं वाजली.
हार्म्सेनबाईंच्या हातात तोच कागद, गायीसकट.
"समोरच्यापासून झाका, मंत्रिमहोदय, जरूर झाका.
पण हात या सभागृहाचा आहे.
ज्याचा हात त्यालाच बोटं मोजायला बंदी?
पान दोनशे बारावर काय आहे
ते मी सांगू शकत नाही, सही केली आहे.
तुम्ही सांगू शकता.
पान दोनशे बारा?"
शांतता.
"पान दोनशे पंधरा?"
अशी एकोणीस पानं.
उत्तर एकाचंही नाही.
सूप वाढणारी बाई डाव हातात धरून उभी राहिली,
आणि रांगेतलं कुणी तिला हटकलं नाही.

मी ज्या देशात शाळेत गेलो
तो आता नकाशावर नाही.
तिथेही संसद होती.
बातम्यांत दाखवायचे, सगळे हात एकदम वर,
कवायतीत जातात तसे.
विचारण्यात वेळ जात नसे कुणाचा.
फार नीटनेटकं होतं सगळं.
भिंतसुद्धा पांढरीशुभ्र ठेवत,
आमच्या बाजूने.

सोमवारी सकाळी आठला जिन्यात गर्दी.
अकरा खासदार,
डाव्या बाकांवरचे, उजव्या बाकांवरचे,
एकमेकांकडे न बघता उभे,
आणि प्रत्येकाला पान दोनशे बारा हवं.
टेबलं आठ, लॉकर आठ.
तिघांना खुर्च्या जोडून बसवलं,
त्यांचे फोन माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवले.
नियमात बसत नाही ते.

संध्याकाळी वर अर्ज पाठवला:
आणखी बारा लॉकर, चाव्यांसह.
पेन्सिली, दोन डझन.
'कारण' या रकान्यापाशी
बराच वेळ थांबलो.
मग लिहिलं,
वाचताहेत.