सुट्टी कशापासून

आमच्या घरात घंटा नाही,
म्हणून ती वाजून कुणी सुटतही नाही.
शाळा म्हणजे जेवायचं टेबल,
एका बाजूला भूगोल, दुसऱ्या बाजूला कोथिंबीर.
तरी मे लागला, सोसायटीतली पोरं सायकली घेऊन खाली उतरली,
आणि ओजस म्हणाला, आपल्यालाही सुट्टी हवी.

लिफ्टमध्ये दांडेकरकाकूंनी विचारलं,
"शाळाच नाही, तर सुट्टी कशापासून?"
मी हसले. चौथ्या मजल्यापर्यंत हसतच होते.
उत्तर सुचलं दार उघडताना. नेहमीसारखं.

मग मालाडहून आठ दिवस मनोरीला.
मार्व्याच्या बोटीत तीन स्कूटर, बर्फाची लादी, आम्ही चौघं
आणि निनादच्या नकळत घेतलेली एक पिशवी:
गणिताची वही, भिंग, पक्ष्यांचा तक्ता.
असू दे आपलं बरोबर.

ब्रिजिटबाई किल्ली देताना म्हणाल्या,
"पाणी सहाला येल, वीस मिनिटं. भरून ठेवा."
पंखा होता. वीज येऊन जाऊन होती.
वाळत्या बोंबलांचा वास दुसऱ्या रात्री उशीपर्यंत पोचला.
निनाद रेंज शोधत माडाखाली, मग गच्चीत,
शेवटी विहिरीच्या कठड्यावर.
तिथून ऑफिसला ओरडतो, "येतोय का माझा आवाज?"
येत होता. अख्ख्या पाखाडीला येत होता.

लुडोतली हिरवी सोंगटी हरवलेली,
म्हणून चिंचोका ठेवला.
शाल्मली म्हणाली, चिंचोका जिंकला तर धरायचं नाही.
तो जिंकला.
दोन तास कुणी कुणाशी बोललं नाही,
आणि खरं सांगते, तेवढेच दोन तास मला झोप लागली.

तिसऱ्या दिवशी न्हाणीतून कावळ्यानं साबण पळवला.
पोरं हसून हसून लोळत होती.
मी मात्र तोंड उघडलंच:
"कावळा ना, फार हुशार पक्षी. त्याला चेहरेसुद्धा..."
शाल्मलीनं हात वर केला. आमच्या घरात कुणी हात वर करत नाही.
"आई, हे शिकायचंय, की नुसतं बघायचंय?"

मी सकाळीच बादल्या मोजायला लावल्या होत्या,
वीस मिनिटांत सात, तर एकीला किती?
पपई कापताना पाव म्हणाले होते, अर्धा म्हणाले होते.
ओजस म्हणाला होता, मला पाव नको, मोठा हवा.
भरतीची वेळसुद्धा मी भिंतीवर लिहून ठेवली होती,
खडूनं.

काकूंना सांगायचं उत्तर मला तिथे मिळालं,
ओल्या न्हाणीत, साबणाशिवाय.
सुट्टी माझ्यापासून हवी होती.

त्या संध्याकाळी ओहोटीला दोघं पार लांब गेली,
चिखलात पोटऱ्यांपर्यंत,
दोन ठिपके, कधी एक.
मी धक्क्यावर बसले आणि हाक मारली नाही.
हातांचं काय करायचं ते कळेना.
उगाच नांगरलेल्या होड्या मोजल्या. अकरा.
मग आठवलं, कुणी विचारलेलं नाही.

परत आली तेव्हा ओजसच्या मुठीत काहीतरी वळवळत होतं.
त्यानं दाखवलं नाही.
मीही विचारलं नाही,
फक्त पाय धुवा म्हटलं, तर बादली रिकामी.

निघायच्या दिवशी ब्रिजिटबाईंनी पुडा आणून दिला,
सुके बोंबील, "घरला न्या."
कागद ओळखीचा वाटला.
ओसरीवर राहिलेली वही, मागची पानं कोरीच दिसली असणार.
पुढची मात्र भागाकाराची होती.
निनाद पिशवीकडे बघत होता.
मी बोटीकडे.

लिफ्टमध्ये पुन्हा दांडेकरकाकू.
नाकाला रुमाल, डोळे आमच्या पुड्यावर.
"कसली झाली सुट्टी?"
मी तोंड उघडायच्या आत शाल्मली म्हणाली,
"चिंचोका जिंकला, काकू."
पाचवा मजला येईपर्यंत त्यांनी विचार केला.
आम्ही कुणी समजावलं नाही.